‘कंपनीचाच जेट ठेवा’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार. यामाहा आरएक्स 100 चा पायलट जेट (कार्ब्युरेटरमधला, स्लोला म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) बदलायचा का ते तपासून ठरवा, असं लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. कंपनीने जेटचा नंबर, म्हणजे भोकाचं माप, विचार करूनच दिलाय, तो बदलायला सांगणं म्हणजे लोकांना उगाच खर्चात पाडणं. नवी मुंबईच्या मोकळ्या पाम बीच रोडवर गाडी पळवून स्पार्क प्लग काढला तर मस्त कॉफी रंगाचा निघाला, म्हणजे जेट बरोबर. आणि स्लोचा जो त्रास होता तो जेटमध्ये बारीक तार फिरवल्यावर गेला.

तारेपासून सुरू करतो, कारण गोम तिथेच आहे. पायलट जेट पितळेचा, भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. पोलादी तारेपुढे पितळ मऊ. कचरा निघाला असेल, पण भोकाची कडाही खरवडली गेली असण्याची शक्यता मोठी. म्हणजे जेट बदलायचा नाही म्हणता म्हणता तुम्ही तो मोठा केलेला असू शकतो. फक्त वर कोरलेला आकडा आता खोटा. असा जेट ठेवून पुढचं कुठलंच सेटिंग पक्कं होत नाही. आधी त्याच नंबरचा नवा घाला. अस्सल मिकुनी (कार्ब्युरेटरची कंपनी) जेटवर चौकोनात चौकोन असा बारीक शिक्का असतो. लांबी, थ्रेड आणि बाजूची भोकं जुन्याशी ताडून बघा. यापुढे साफ करायचा तर कार्ब क्लीनरमध्ये भिजवून हवा मारा, फार तर नायलॉन ब्रशचा एक केस फिरवा. जेट काढताना त्याच्या खाचेत घट्ट बसणारंच स्क्रूड्रायव्हरचं पातं घ्या, नाहीतर खाच जाते आणि जेट आतच अडकतो.

आता प्लग. पाम बीचवर थ्रॉटल अर्ध्याच्या आसपास असतो, त्यामुळे तो रंग निडलचा (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारी सुई) आणि थोडाफार मेन जेटचा (जास्त थ्रॉटलला पेट्रोल देणारा मोठा जेट). पायलटचा खरा अंमल बंद थ्रॉटलपासून एक-अष्टमांशापर्यंत, पुढे पावपर्यंत ओसरता. त्याची परीक्षा ठाण्यात तीन हात नाक्याच्या सिग्नलला नाहीतर घोडबंदर रोडच्या गर्दीत घ्या. जेट लहान असेल तर थ्रॉटल उघडताक्षणी गाडी गचका खाते, चोक लवकर सोडता येत नाही, रेस सोडल्यावर आवाज उशिरा उतरतो. मोठा असेल तर सिग्नलला उभ्या उभ्या प्लग ओला होतो आणि गाडी जितकी तापेल तितकी स्लोला जड होते.

कंपनीचा नंबर चुकीचा नव्हताच. पण ही गाडी 1985 ते 1996 मधली, आणि आज पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट. हिशेब केला तर त्याच जेटमधून मिश्रण साधारण 7 टक्के पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. जेटचा एक टप्पा मात्र याहून मोठा: 20 वरून 22.5 म्हणजे आकड्यातच साडेबारा टक्के. म्हणून लेखात सरसकट ‘एक नंबर वाढवा’ म्हटलेलं नाही, एअर स्क्रूला (स्लोच्या मिश्रणातली हवा कमी-जास्त करणारा स्क्रू) विचारून ठरवा असं म्हटलंय.

विचारायचं असं. फिल्टर स्वच्छ आणि जागेवर, गाडी दहा मिनिटं चालवून गरम, चोक बंद. गाडी बंद करून एअर स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या. आवळला तर टोकावर वळ उठतो. दीड आटा बाहेर काढा. गाडी चालू करून स्लो जरा चढा ठेवा, मग पाव-पाव आट्याने आत-बाहेर करत सगळ्यात जास्त रेस कुठे मिळते ते शोधा. प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबा, इंजिन लगेच उत्तर देत नाही. स्लो खाली आणून पुन्हा एकदा शोधा. जागा एक ते अडीच आट्यांत सापडली तर जेट बरोबर. एकाच्या आत सापडली तर एक टप्पा मोठा, अडीचच्या पुढे गेली तर एक टप्पा लहान. (हा स्क्रू हवेचा, फिल्टरच्या बाजूचा. ज्या कार्ब्युरेटरला स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो तिथे सगळं उलटं.)

स्क्रू फिरवूनही काहीच फरक पडत नसेल तर जेट किंवा बॉडीतली वाट चोक झालीय, नाहीतर स्लोचा स्क्रू इतका आत घेतलाय की स्लाइड (थ्रॉटलने वर-खाली होणारा पडदा) पायलटच्या भोकाच्या वर उचलली गेलीय. यातलं दुसरं कारण बरंच दिसतं.

जेट विकत आणण्याआधी आणखी दोन गोष्टी बघाच. कार्ब्युरेटर आणि इंजिनमधला रबर जॉइंट, रीड व्हॉल्व्हचं (इंजिनात मिश्रण एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेचं) पॅकिंग किंवा मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूचं क्रँक सील, म्हणजे क्रँकच्या दांड्याभोवतीचं रबर, बाहेरची हवा ओढत असेल तर लक्षणं हुबेहूब लहान जेटची. गाडी स्लोला ठेवून जॉइंटवर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा. रेस बदलली तर गळती तिथेच. सायलेन्सर गरम असताना हे करू नका, पेट घेईल. उलट चोकच्या प्लंजरचं (चोक ओढल्यावर वर उचलल्या जाणाऱ्या दट्ट्याचं) रबर कडक होऊन नीट बसत नसेल तर स्लोला जादा पेट्रोल जातं आणि दोष मोठ्या जेटवर येतो. रबराचा तो तुकडा मात्र बघत कोणी नाही.

पावसाळ्यात गाडी आठवडाभरापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पांढरा थर आधी पायलटमध्येच बसतो. बहुधा तुमच्या जेटमध्येही तोच असावा.