पापडांचं ऊन आणि माझं ऊन

उन्हाळ्यात नागपूरच्या आमच्या गच्चीवर दोन पार्ट्या असतात. एक आईची: उडदाचे पापड, कुरड्या, मुगाच्या वड्या आणि त्याखाली माझ्या लहानपणीची फुलाफुलांची चादर. दुसरी माझी: एक कागद, एक काच आणि मी. सूर्य एकच आहे.

मी फोटोग्राफर नाही. फोटोग्राफर तो, ज्याला लग्नात लोक आग्रहानं जेवायला बसवतात. मी नुसत्या वस्तू घेतो. मागच्या दिवाळीत लेन्स उलटी बसवायची रिंग घेतली. 50 मिलिमीटरची लेन्स उलटी लावली की मुंगी आहे जवळपास तेवढीच्या तेवढी सेन्सरवर उतरते. फक्त फोकसची जाडी कागदाएवढी. जिलबीवर बसलेल्या मुंगीचे मी तासभर फोटो काढले. त्यातल्या एकात तिचा डावा डोळा लख्ख आला, उजवा कामठीला. मुंगी पोटभर खाऊन गेली, मी कंबर धरून उठलो.

मग इन्फ्रारेडचं वेड लागलं. 720 नॅनोमीटरचा फिल्टर, दिसायला तव्यावर विसरलेल्या पोळीसारखा. आपल्याला न दिसणारा हा उजेड झाडांची पानं भरपूर परत फेकतात, म्हणून फोटोत झाडं पांढरीशुभ्र येतात. पण कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढं नेमका हाच उजेड अडवणारी काच आधीपासून बसवलेली असते. बाहेरचा फिल्टर म्हणतो, दिसणारा उजेड आत जाणार नाही. आतला म्हणतो, न दिसणारा जाणार नाही. सरकारी कचेरीतल्या दोन खिडक्यांसारखं. दोघांची नजर चुकवून जे काय झिरपेल त्यावर फोटो, एकेक अर्ध्या मिनिटाचा.

हे मी भर दुपारी अंबाझरी तलावावर केलं. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकात लिहिलंय की तो 0 ते 40 अंशांत वापरावा. म्हणजे नागपुरात एप्रिल ते जून त्यानं रजेवर जायचं. त्या दिवशी पारा 44 वर होता. फोटोत झाडं पांढरी आली हे खरं, पण तापलेल्या सेन्सरनं वरून लाल-निळ्या ठिपक्यांचा शिडकावा केला. शेजारचे काका म्हणाले, "काय भाऊ, शिमल्याला कधी जाऊन आले? सांगितलं नाही!"

तेव्हा ठरवलं की जे नागपुरात फुकट आणि नको तितकं मिळतं, त्यावरच फोटोग्राफी करायची. ऊन!

सायनोटाइप ही उन्हात निळे फोटो छापायची रीत जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञानं 1842 साली काढली. इंजिनिअर मंडळींची ब्लूप्रिंट ती हीच. दोन रसायनं पाण्यात कालवायची, कागदाला फासायची, अंधारात वाळवायची, वर निगेटिव्ह, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं केलेला फोटो, ठेवून उन्हात धरायचं आणि साध्या पाण्यानं धुवायचं. उन्हातल्या अतिनील किरणांनी कागदातल्या लोखंडाचं रूप पालटतं आणि गडद निळा रंग तयार होतो. लंडनमध्ये ऊन कधी पडेल म्हणून खिडकीत उभं राहावं लागत असेल. आपल्याकडं नवतपा असतो, मे अखेरचे नऊ भाजणारे दिवस.

अडचण दुकानात आली. पहिलं रसायन फेरिक अमोनियम सायट्रेट. ते त्यानं मुकाट्यानं काढून दिलं. दुसरं पोटॅशियम फेरिसायनाइड. "सायनाइड" ऐकल्यावर दुकानदारानं तराजू खाली ठेवला, मला नीट न्याहाळलं आणि हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना भाऊ?" मी समजावलं की यातलं सायनाइड लोखंडाला चाळीस वर्षांच्या संसारासारखं घट्ट धरून असतं, तीव्र आम्ल ओतून मुद्दाम छळलं नाही तर त्याला सोडत नाही. त्यानं माझा मोबाइल नंबर लिहून घेतला, मगच पुडी बांधली.

निगेटिव्ह आईच्या फोटोचं केलं. सीताबर्डीवर पारदर्शक प्लास्टिकवर प्रिंट काढणारा पोरगा दोनदा म्हणाला, "सर, हे उलटं येऊन राह्यलं." रात्री झिरोच्या पिवळ्या बल्बखाली बाथरूममध्ये कागद रंगवले. सकाळी आजोबांच्या तसबिरीची काच काढली, कारण घरात तेवढी सपाट काच दुसरी नव्हती. आजोबा दिवसभर उघड्यावर होते.

पुस्तकी हिशेब दहा-पंधरा मिनिटांचा. पहिला कागद मी तेवढाच ठेवला. आमच्या उन्हानं आईला पार निळ्या शाईच्या दौतीत बुडवलं. दुसरा चार मिनिटांत उचलला आणि गच्चीवरच्याच नळाखाली धरला. टाकीतलं पाणी असं की त्यात पत्ती टाकली असती तर चहा झाला असता. तरी पिवळट रंग वाहून गेला आणि खालून हळूहळू आई वर आली: चष्मा, कपाळावरचं कुंकू, एक भुवई जराशी उचललेली. निळी, पण आईच. मी तिथंच, उघड्या पायांना चटके बसताहेत हे विसरून, उभा राहिलो.

"काहून रे, माझ्या चादरीवर पाणी उडवून राह्यला?"

आई पापडांचं पीठ कुटता कुटता तशीच वर आली होती. मी अभिमानानं प्रिंट पुढं केली. तिनं ओल्या हातानंच घेतली. तो हात पापडखाराच्या पाण्याचा होता.

आता हे मला नंतर कळलं, की या निळ्याचा मोठा वैरी म्हणजे क्षार. कपड्यांचा सोडा, पापडखार, काहीही लागलं की निळं उतरून पिवळं पडतं. मिनिटभरात आईच्या फोटोतल्या गालावर आईचीच पाच बोटं उमटली. स्वतःच स्वतःला चापट मारल्यासारखी.

"खराब रंग दिला त्यानं," आई म्हणाली. "परत करून ये."

वाचलं होतं की असा पिवळा पडलेला भाग चहात बुडवला तर तपकिरी-काळा होतो, चहातलं टॅनिन लोखंडाला धरतं म्हणून. बायकोला कोरा चहा टाकायला सांगितला. "कोणी आलंय का?" म्हणत तिनं आलं घातलं, साखर घातली, दूध घालणार इतक्यात मी पातेलं ओढलं. प्रिंट बुडवली. बोटं काळपट झाली, उरलेला कागद बिस्किटासारखा झाला आणि संध्याकाळी प्रिंटवर मुंग्या आल्या. माझी रिंग तेव्हा कपाटात होती.

आई मात्र काचेखालचं ते प्लास्टिक हातात घेऊन खिडकीशी उभी होती. उलटी प्रतिमा. चेहरा काळा, कुंकू पांढरं आणि पांढरे केस कुळकुळीत काळे.

"हा चांगला निघाला बघ," ती म्हणाली. "मावशीला हाच पाठव."