चिकटता चिकटेना

पुण्याच्या मित्राने पाठवलेली पिशवी रातराणीच्या ड्रायव्हरने पहाटे माझ्या हातात दिली आणि उजेडाकडे धरून बघत म्हणाला, "आत नुसतं पाणीच दिसूलंय खरं!"

पाण्यात दोन बोटांएवढं प्रवाळ होतं. जांभळी साल, तिच्यावर आठ-आठ पाकळ्यांचे हिरवे तारे. जरा धक्का लागला की तारे आत, आणि उरतं ते गोधडीचं ठिगळ. (दगडी प्रवाळाच्या वाटेला मात्र जाऊ नये. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते वाघाच्या पंगतीला बसलंय. माझं हे मऊ जातीचं.) हे माशांच्या टाकीच्या मागच्या काचेवर चिकटवलं की हळूहळू पसरत हिरवी भिंत होते. आमच्या बेळगावात, टिळकवाडीत, जूनपासून कंपाउंडच्या भिंतीवर शेवाळ फुकट धरतं आणि ते घासायला आम्ही गडी लावतो, ही गोष्ट घरच्यांनी मला अनेकदा ऐकवली आहे.

समुद्र चोर्ला घाटाखाली. म्हणून मी तो बादलीत करतो. आरओचं पाणी आणि लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ. आई म्हणते, "आमटी अळणी चालतीया, माशांचं बरं मोजून घालतोस!"

मित्राने फोनवर पढवलं होतं. गोंद म्हणजे सुपरग्लू, तोही जेलवालाच घे. तो ओलाव्यानेच घट्ट होतो, म्हणून पाण्यात चालतो. खरं पाण्यात गेल्या गेल्या त्याच्यावर साय धरते. काचेवर दाबून जरा गोल फिरव, साय फुटू दे. नाहीतर गोंदाला गोंद चिकटतो, काचेला काही नाही.

काच ब्लेडने खरवडली. पाणी हलवणारा पंप बंद केला. प्रवाळाचा बुळबुळीत तळ टिश्यूने टिपला आणि काखेपर्यंत हात टाकीत घातला. दाबलं, फिरवलं, सोडलं. साहेब सावकाश, लिफ्टमधून उतरावेत तसे, तळाला गेले.

दुसऱ्या खेपेला गोंद वाढवला. प्रवाळ अंगठ्याला चिकटलं. ते कसंबसं सोडवलं, पण बोटाला बोट चिकटलेलंच. हाताशी आईच्या वातींचा कापूस होता, त्याने पुसायला गेलो. हा गोंद कापसाला लागला की तापतो, हे ज्ञान मला त्या क्षणी थेट कातडीतून झालं. माझ्या बोंबेने शेजारच्या अज्जी कुंपणाशी आल्या. "याक्री, एनात्री?" आता प्रवाळाला कन्नडमध्ये काय म्हणतात ते मला येत नाही, आणि येत असतं तरी सांगितलं नसतं. बायकोने नेलपॉलिश रिमूव्हर आणून दिला. एक शब्द बोलली नाही. ते जास्त झोंबलं.

काका कोचावरून सगळं बघत होते. ऐन तरुणपणी सीमालढ्यात लाठ्या खाल्लेला माणूस. म्हणाले, "आमचा प्रश्न १९५६ पासून चिकटलाय, तो कुणाला सुटंना. आणि तुला एवढंसं चिकटवता येईना व्हय गा?"

तिसऱ्यांदा चिकटलं! मी हात काढला. अर्धं मिनिट. एक मिनिट. ढळलं नाही. चहा सांगितला.

"पप्पा, पाणी हलेना म्हणून मी पंप चालू केला."

प्रवाळ काचेवरून सुटलं, क्लाउनफिशच्या डोक्यावरून एक प्रदक्षिणा घातली आणि पुढच्या दगडाच्या फटीत जाऊन बसलं. तिथे ना चिमटा पोचत होता, ना माझी सहनशक्ती. दिवा मालवला आणि कुणाशी न बोलता जेवलो.

ही गोष्ट पावसाळ्यातली. होळीपर्यंत ते फटीतून आपणहून बाहेर आलं, दगडावर पसरलं आणि काचेवर चढलं. पुढच्या काचेवर. बरोबर मधोमध, पोराच्या डोळ्यांच्या उंचीला. आता क्लाउनफिश बघायचे तर कोचाच्या हातावर चढावं लागतं.

"काढा ते," बायको म्हणाली.

सकाळपासून दोन ब्लेडं मोडली.