पंचवीस सबग्रुप पुरतात का? एका जुन्या क्वालिटीवाल्याच्या प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, नमस्कार.

नाव न देता 'वसईचा जुना क्वालिटीवाला' एवढीच सही करून तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोन ओळींत आटोपण्यासारखी नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मागच्या लेखात माझं म्हणणं असं होतं: कंट्रोल चार्टसाठी पाच-पाच नगांचे २५ सबग्रुप (एका वेळी मोजलेले गट) घ्यायचे, सरासरी रेंजला (गटातलं सगळ्यात मोठं वजा सगळ्यात लहान माप) ०.५७७ ने गुणायचं आणि निघालेल्या लिमिट, म्हणजे सबग्रुपच्या सरासरीचा बिंदू ज्यांच्या बाहेर गेला की इशारा समजायचा त्या रेषा, लॅमिनेट करून कायमच्या मशीनवर लावायच्या, ही पद्धत धोक्याची आहे; २५ ऐवजी निदान १०० सबग्रुप हवेत. त्यावर तुम्ही म्हणता की ही कॉलेजातली चिंता आहे. तीस वर्षं अशाच लिमिटवर काम केलं, काही बिघडलं नाही. कंट्रोल चार्टचे जनक शूहार्ट यांचा तीन सिग्मा (मधल्या रेषेपासून तीन प्रमाण विचलनांवर लिमिट) हा व्यवहाराचा नियम होता, संभाव्यतेचं गणित त्याला नंतर चिकटवलं गेलं. आणि ज्या गाळ्यात दोन दिवसांनी मोल्ड बदलतो, तिथे १०० सबग्रुप आणायचे कुठून?

शेवटचा प्रश्न सगळ्यात वजनदार आहे, त्याकडे येतेच. आधी तीस वर्षांच्या अनुभवाबद्दल.

०.५७७ हा आकडा चुकीचा नाही. पाच नगांच्या सरासरी रेंजला २.३२६ ने भागलं की सिग्माचा अंदाज मिळतो, आणि हा अंदाज सरासरीने बरोबर असतो. पण ही सरासरी कुणाची? एकाच प्रोसेसवर हजार जणांनी वेगवेगळे २५ सबग्रुप घेतले तर त्या हजार अंदाजांची. तुमच्या हातात त्यातला एकच अंदाज येतो, आणि २५ सबग्रुपांवरून काढलेल्या सिग्मामध्ये साधारण ७ टक्क्यांची प्रमाण त्रुटी असते. ७ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. त्याचा परिणाम मात्र किरकोळ नाही, कारण लिमिट वितरणाच्या शेपटीत असते आणि तिथे ती जराशी सरकली तरी इशाऱ्यांची संख्या झपाट्याने बदलते.

प्रत्यक्ष हिशोब करू. मापं नॉर्मल वितरणाची आहेत आणि मधली रेषा अचूक सापडली आहे असं धरू. लिमिट खरोखर तीन सिग्मावर असेल, तर प्रोसेस ठणठणीत असताना सरासरी ३७० बिंदूंमागे एक खोटा इशारा येतो. तिन्ही शिफ्टमध्ये तासाला एक बिंदू टाकत असाल तर पंधरा दिवसांतून एकदा. सिग्मा ७ टक्क्यांनी कमी धरला गेला तर हाच आकडा सुमारे १९० वर येतो, म्हणजे आठवड्याला एक खोटा इशारा. ७ टक्क्यांनी जास्त धरला गेला तर ७५० वर जातो, महिन्यातून एकदा. आणि ७ टक्के ही काही टोकाची चूक नाही. दर सहा गाळ्यांमागे साधारण एका गाळ्याला १९० पेक्षाही वाईट आकडा मिळेल आणि एकाला ७५० पेक्षाही मोठा. मधली रेषासुद्धा त्याच २५ सबग्रुपांवरून काढलेली असते, तिची चूक यात अजून धरलेलीच नाही.

आता सांगा, 'काही बिघडलं नाही' हा अनुभव कुणाच्या वाट्याला येईल? ज्याच्या लिमिट रुंद पडल्या त्याच्या! चार्ट शांत, ऑपरेटर खूश, ऑडिटरही खूश. पण सबग्रुपांच्या सरासरीच्या सिग्मात मोजलं आणि प्रोसेस दीड सिग्माने सरकली, तर बरोबर लिमिटवर ते सरासरी १५ बिंदूंत कळतं, आणि रुंद पडलेल्या लिमिटवर २३ बिंदू लागतात. तासाला एक बिंदू म्हणजे आठ तासांचा फरक. पूर्ण एका शिफ्टचा माल बिघडलेल्या सेटिंगवर निघतो, आणि चार्टवर त्याची काही खूण राहत नाही. उलट ज्याच्या लिमिट अरुंद पडल्या, तो सेटर दर आठवड्याला मशीन थांबवून कारण शोधतो, काही सापडत नाही, आणि काही महिन्यांनी 'एसपीसी (आकडेवारीने प्रोसेसवर नियंत्रण) आपल्या कामाचं नाही' असा निकाल देतो. दोघंही आपल्या वाट्याला आलेल्या नमुन्यावरून पद्धतीबद्दल बोलतात. तुमच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे, पण या एका प्रश्नावर त्याची साक्ष अपुरी पडते.

शूहार्ट यांच्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीत असताना १६ मे १९२४ च्या टिपणात त्यांनी पहिला चार्ट मांडला, आणि पुढे तीन सिग्माचं समर्थन त्यांनी अनुभव आणि काटकसर या आधारावरच केलं. गुणवत्तेचे अमेरिकी तज्ज्ञ डेमिंग यांनीही या लिमिटला संभाव्यतेचा नेमका आकडा लावायला विरोध केला होता. मापं नॉर्मल नसतील तर माझे ३७० आणि १९० बदलतील, हे मला मान्य आहे. पण काटकसरीचा युक्तिवाद तरी काय आहे? नसलेलं कारण शोधत बसण्याचा खर्च आणि असलेलं कारण निसटण्याचा खर्च, यांचा तोल तीनच्या आसपास साधतो. तुमची लिमिट नकळत २.८ वर किंवा ३.२ वर बसली असेल, तर तो तोल कुणी न ठरवताच बदलला. शूहार्ट यांचा नियम पाळायचा म्हटलं तरी आपली लिमिट खरंच तीनवर आहे का, हे विचारावंच लागतं. १९४७-४८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट भारतात आले होते, आणि पुढे भारतीय सांख्यिकी संस्थेने ठिकठिकाणी एसक्यूसीची (सांख्यिकी गुणवत्ता नियंत्रणाची) केंद्रं काढली, मुंबईतही. त्या परंपरेतच आपण दोघं काम करतो, म्हणून हा मुद्दा मला मोडीत काढायचा नाही.

ऑडिटरचं म्हणाल तर ऑडिटर चार्ट आहे की नाही ते बघतो. लिमिट कुठून आली हे बहुतेक वेळा आपल्यालाच बघावं लागतं.

आता १०० सबग्रुप. हा आकडा माझा नाही. संख्याशास्त्रज्ञ चार्ल्स क्वेसेनबेरी यांनी १९९३ मध्ये सुचवलं की सबग्रुपमध्ये जितके नग, त्यातून एक वजा करून ४०० ला भागावं. पाच नगांसाठी १०० येतात. पुढे २०१५ मध्ये वुडॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की एका कारखान्यापासून दुसऱ्यापर्यंतचा फरक आवरायचा असेल तर तेवढेही पुरत नाहीत. १०० सबग्रुपांनी त्रुटी निम्मी होते, तरीही वरचे १९० आणि ७५० हे आकडे २६० आणि ५३५ पर्यंतच जवळ येतात.

तासाला एक सबग्रुप घेणाऱ्या कारखान्यात १०० जमायला चार-पाच दिवस पुरतात. तिथे सबब नको. शिवाय २५ सबग्रुप एकाच दिवशी, प्लास्टिकच्या दाण्याच्या एकाच लॉटवर, एकाच सेटरच्या हाताखाली घेतले असतील तर वरचे ७ टक्के हा किमान आकडा समजा. पावसाळ्यात ओला दाणा आला की कळतंच.

गाळ्याची गोष्ट वेगळी, आणि तिथे मी तुमच्या बाजूने आहे. दोन दिवसांच्या जॉबवर १०० सबग्रुप मागणं म्हणजे चार्ट लावूच नका असं सांगणं. तिथे दोन वाटा मला पटतात. पहिली, नुसतं माप न टाकता ड्रॉइंगवरच्या मापापासूनचा फरक टाकायचा, आणि त्याच मशीनवर चालणाऱ्या सारख्या जातीच्या जॉबच्या रेंज एकत्र करायच्या. मोल्ड बदलला तरी सिग्माचा अंदाज पिकत राहतो. अट एकच: त्या जॉबच्या रेंज खरोखर सारख्या असायला हव्यात, आणि ते रेंज चार्टवर दिसतं. दुसरी वाट म्हणजे २५ वरच सुरुवात करायची, पण गुणक (तीन सिग्मातला तीन) मुद्दाम मोठा घ्यायचा. दहापैकी नऊ गाळ्यांत खोटे इशारे ठरल्यापेक्षा जास्त येऊ नयेत असं हवं असेल, तर मधल्या रेषेची चूक बाजूला ठेवूनही तीनऐवजी सुमारे ३.३ लागतो. याची किंमत मोजावी लागते: दीड सिग्माची सरक १५ ऐवजी २८ बिंदूंनी कळेल. म्हणून हा गुणक तात्पुरताच. सबग्रुप वाढतील तशी लिमिट पुन्हा काढायची आणि गुणक तीनकडे आणायचा. जिथे माल महाग आहे आणि मशीन थांबवणं स्वस्त, तिथे मी ३.३ सुचवणार नाही, खोटे इशारे सोसा असंच सांगेन.

दोन्ही वाटांवर लिमिटच्या शेजारी तारीख आणि 'इतक्या सबग्रुपांवरून' एवढं लिहिलेलं असावं. लॅमिनेशनला माझा विरोध आहे तो यासाठी.

तुमच्याकडे जुन्या वह्या असतील तर एक करून बघा. एकाच मशीनचे सलग १०० सबग्रुप निवडा, पहिल्या २५ ची आणि उरलेल्या ७५ ची सरासरी रेंज वेगवेगळी काढा. आठ-दहा टक्के फरक निघाला तर प्रोसेस बदलली असं समजू नका, तेवढा फरक निव्वळ नमुन्यामुळे पडतो. मग दोन्हींवरून लिमिट काढून एकाच कागदावर आखा आणि पुढचे बिंदू दोन्ही लिमिटवर तपासा. आकडे इथे खाली टाकलेत तर मीही करून बघते.