'सरकारी गोळी हलकी असते' म्हणणाऱ्या नानांना उत्तर

नाना, तुमची कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की रक्तवाढीच्या, म्हणजे लोहाच्या, सरकारी लाल गोळीत फक्त 60 मिग्रॅ, मेडिकलच्या पाकिटावर 300, म्हणजे ती पाचपट भारी, अन् मी "दुप्पट घेऊ नका" लिहून लोकांना उगाच घाबरवतोय.

आता ते पाकीट घ्या अन् बारीक अक्षरं वाचा. फेरस फ्युमरेट 300 लिहिलं असेल तर ते अख्ख्या क्षाराचं (लोह अन् त्याला जोडलेलं बाकीचं) वजन, त्यातलं लोह साधारण तिसरा हिस्सा, 100 च्या आसपास. साधं फेरस सल्फेट असेल तर पाचवा हिस्सा, म्हणजे 60. ग्लुकोनेट असेल तर जेमतेम 36! सरकारी गोळीवरचा 60 मात्र निव्वळ लोहाचा आहे, इलेमेंटल आयर्न म्हणतात ते, वर 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. मग पाचपट आलं कुठून?

अन् दुप्पट घेतली म्हणून रक्त दुप्पट वेगाने भरत नाही. मोठा डोस गेला की लिव्हर हेपसिडिन नावाचं हार्मोन वाढवतं, त्याने साधारण पुढचे 24 तास आतडं लोह कमीच शोषतं, उरलेलं पोटात राहून मळमळ, बद्धकोष्ठता. म्हणून तर काही डॉक्टर एक दिवसाआड गोळी देतात. पण गरोदर बाईने हे वाचून आपल्या मनाने बदल करू नये, तिला रोज सांगितली असेल तर रोजच. चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन नाही. चहा अन् कॅल्शियमच्या गोळीपासून लांब ठेवा, लिंबूपाणी चालतं, संडास काळी झाली तर ते नॉर्मल आहे. (केळी खाऊन रक्त वाढतं म्हणणाऱ्यांनो, जळगावची असली तरी केळ्यात लोह नावालाच असतं.)

घाबरवायचं म्हणाल तर दोन ठिकाणी मी मुद्दाम घाबरवतो. एक, नंदुरबार, शिरपूर, चोपड्याच्या सातपुडा पट्ट्यात सिकलसेल (रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार) आहे, तिथं हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोहच कमी असं नसतं, अन् ज्यांना वारंवार रक्त चढवलंय त्यांच्या अंगात लोह आधीच जास्त साठलेलं असू शकतं. अशांना फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) न तपासता महिनोन्महिने गोळ्या नकोत.

दुसरं, तुम्ही लिहिलंय की विसर पडू नये म्हणून डबी टीव्हीजवळ ठेवता. नातू आहे ना घरात? लाल गुळगुळीत गोळी पोराला चॉकलेटच वाटते. 10 किलोच्या लेकराला 60 च्या तीन-चार गोळ्यांनी त्रास सुरू होऊ शकतो, दहा गेल्या तर जिवावर बेतू शकतं. यात फसवणूक अशी की आधी उलट्या होतात, मग पोरगं काही तास बरं दिसतं, घरचे म्हणतात उतरलं, अन् मग एकदम ढासळतं. म्हणून बरं वाटायची वाट बघायची नाही, घरी उलटी करवायची नाही, 108 लावायचा नाहीतर सरळ सिव्हिलला न्यायचं, रिकामं पाकीट सोबत घेऊन. डबी आजच वरच्या कपाटात, कुलूप लावून.