लिनक्सचा डेस्कटॉप घडवणाऱ्यांनो, माझ्या बोटांची सवय मोडण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

गेल्या मंगळवारी रात्री साडेअकराच्या सुमारास एका दोनशे चाळीस पानी पुस्तकाच्या अंतिम मुद्रितावरून नजर फिरवत असताना, एकशे बाराव्या पानावरील एका वाक्याच्या ऐन मध्यभागी मला अडीच अनोळखी ओळी दिसल्या. त्या लेखकाच्या नव्हत्या, माझ्याच होत्या. लेखकाला पाठवलेल्या पत्रातला तो मजकूर होता आणि आदल्या आठवड्यात कधीतरी तो संहितेत शिरून निमूटपणे बसला होता. मुद्रितशोधनाचे काम मी बावीस वर्षे करते आहे. दुसऱ्याच्या लेखनात माझा एकही शब्द मला न विचारता जाऊ नये, हा या कामाचा पहिला नियम आहे. तो नियम माझ्याकडून मोडला गेला तो केवळ माउसच्या चाकावर बोटाचा भार किंचित जास्त पडल्यामुळे, आणि याचा मला झालेला संताप चार दिवस उलटूनही शमलेला नाही.

विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली आणि तिचा डेस्कटॉप न वापरणाऱ्यांना हा प्रकार ठाऊक नसेल. १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झालेल्या, पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या एक्स विंडो प्रणालीच्या काळापासून येथे नकलेचे दोन साठे असतात. कंट्रोल-सीने केलेली नक्कल एका साठ्यात जाते. दुसरा साठा मात्र मजकूर नुसता निवडला तरी आपोआप भरतो आणि माउसचे मधले बटण दाबताच, माउसचा दर्शक जिथे असेल तिथे, त्यातला मजकूर चिकटतो. त्या काळच्या माउसला तीन स्वतंत्र बटणे असत, त्यामुळे मधले बटण दाबणे ही जाणूनबुजून केलेली कृती होती. आता मधले बटण म्हणजेच चाक. ज्या बोटाने मी दिवसभर पाने वरखाली सरकवते, त्याच बोटाने, त्याच जागी, एका मिलिमीटरच्या फरकाने मजकूर चिकटवला जातो. लॅपटॉपच्या टचपॅडवर तर तीन बोटे एकदम टेकली तरी बहुतेक ठिकाणी मधले बटण दाबल्याचा अर्थ घेतला जातो. चिकटलेला मजकूर लेखनबिंदूपाशी न पडता दर्शकापाशी पडतो, म्हणजे माझी नजर जिथे असते तिथे तो बहुधा पडतच नाही. कंट्रोल-झेडने तो मागे घेता येतो हे खरे, परंतु घडलेले लक्षात आले तर. मध्ये साठ दुरुस्त्या झाल्यानंतर त्या कंट्रोल-झेडचा काय उपयोग?

या सोयीवर मनापासून प्रेम करणारी माणसे आहेत हे मला माहीत आहे आणि ती काढून टाका असे मी म्हणत नाही. ज्याने तिचे नावही ऐकलेले नाही त्याच्या यंत्रावर ती पहिल्या दिवसापासून चालू का असावी, एवढेच मी विचारते. ती बंद करण्याची खूण माउसच्या मुख्य सेटिंग्जमध्ये न ठेवता वेगळ्या साधनात का दडवावी, याचे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

आता मराठीत काम करणाऱ्यांच्या वाट्याला येणारा जास्तीचा त्रास सांगते, कारण त्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. मी इनस्क्रिप्ट मांडणी वापरते, म्हणजे कोणत्या कळीवर कोणते देवनागरी अक्षर हे ठरवणारी प्रमाण मांडणी. तिच्यात इंग्रजी सीच्या कळीवर म आहे, व्हीच्या कळीवर न आहे आणि एक्सच्या कळीवर अनुस्वार आहे. मांडणी मराठी असताना मी कंट्रोल आणि सीची कळ दाबली की संगणकाने काय समजावे? नीट लिहिलेला प्रोग्रॅम कळ कोणती आहे ते पाहतो आणि नक्कल करतो. परंतु कळ न पाहता अक्षर पाहणारे प्रोग्रॅम अजूनही आहेत. त्यांना कंट्रोल-सी ऐकूच येत नाही, त्यांना कंट्रोल-म ऐकू येते आणि कंट्रोल-म नावाची आज्ञा त्यांच्याकडे नसल्यामुळे ते गप्प बसतात. मी नक्कल झाली असे समजून पुढे जाते, मांडणी बदलते, दुसऱ्या विंडोत चिकटवते आणि तिथे कालचाच मजकूर उमटतो. असे दिवसातून दहा वेळा घडते, आणि प्रत्येक वेळी विचारांचा धागा तुटतो. रशियन, ग्रीक, अरबी लिहिणारी माणसेही हेच सोसत आली आहेत. म्हणजे हा काही मराठीचा विक्षिप्त हट्ट नव्हे. जगातील कोट्यवधी माणसे रोमन लिपीत लिहीत नाहीत, ही साधी गोष्ट प्रोग्रॅम लिहिताना लक्षात न घेतल्याचा तो परिणाम आहे.

त्यातही मांडणी बदलण्याची कळ एका जागी राहील तर शपथ! पूर्वी आयबस या लेखनाची भाषा बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती कंट्रोल-स्पेस होती. कॅल्क या तक्ते करण्याच्या प्रोग्रॅममध्ये त्याच जोडीने अख्खा स्तंभ निवडला जातो, त्यामुळे तक्त्यात मराठी लिहिताना दोन्ही आज्ञा एकमेकींच्या अंगावर येत. मग मी ऑल्ट-शिफ्ट नेमून घेतले. परंतु उलट दिशेने विंडो बदलण्यासाठी ऑल्ट-शिफ्ट-टॅब दाबावे लागते, आणि टॅबपर्यंत बोट पोहोचण्याआधीच मांडणी बदलून जात असे. २०१२ च्या सुमारास सुपर-स्पेसचा (सुपर म्हणजे विंडोजचे चिन्ह असलेली कळ) जमाना आला. तेही मी शिकले, बोटांना वळण लावले. पण ती जोडी दाबल्यावर मांडणी बदलेपर्यंत क्षणभर थांबावे लागते आणि माझी बोटे थांबत नाहीत, म्हणून ‘प्रकरण’ लिहायला घेतले की पहिली एकदोन अक्षरे रोमनमध्ये उमटतात.

ऑल्ट-टॅबबद्दल तर मला कधीच क्षमा करता येणार नाही. मुद्रितशोधनात दोन दस्तऐवज शेजारी लागतात, एक मूळ आणि एक दुरुस्त. दोन्ही एकाच प्रोग्रॅममध्ये उघडलेले असतात आणि दिवसाकाठी शेकडो वेळा एकातून दुसऱ्यात जावे लागते. वर्षानुवर्षे ऑल्ट-टॅब म्हणजे ‘मागची विंडो’ असाच अर्थ होता. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपची ग्नोम ३ ही आवृत्ती आली आणि ऑल्ट-टॅबचा अर्थ ‘मागचा प्रोग्रॅम’ असा झाला. एकाच प्रोग्रॅमच्या दोन विंडोंमध्ये फिरायचे असेल तर आता टॅबच्या वरची कळ ऑल्टसह दाबायची. याचा अर्थ असा, की मी मूळ संहितेकडे जाण्यासाठी सवयीने ऑल्ट-टॅब दाबावे आणि समोर ब्राउझर उभा राहावा. त्याच ग्नोम ३ मध्ये ऑल्ट धरून माउसने विंडो ओढण्याची सोय ऑल्टकडून सुपरकडे गेली. पुढे मार्च २०२१ मध्ये ग्नोम ४० आला तेव्हा एकाखाली एक असलेली कार्यक्षेत्रे (विंडो वाटून ठेवण्याचे वेगवेगळे पडदे) आडवी झाली आणि वर-खाली बाणांची जागा डाव्या-उजव्या बाणांनी घेतली. केडीई या लिनक्सच्या दुसऱ्या डेस्कटॉपवर अनेक वर्षे एका क्लिकने फाइल उघडत असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या प्लाझ्मा ६ या आवृत्तीपासून मुळातली निवड दोन क्लिकची झाली. यातील प्रत्येक बदलामागे कोणाचा तरी विचार असेल, मी तो नाकारत नाही. माझा आक्षेप असा आहे, की जुन्या वापरकर्त्याच्या यंत्रावर नवी आवृत्ती येते तेव्हा ‘तुमची जुनी कळ ठेवू की नवी घेऊ’ असा एक ओळीचा प्रश्नही त्याला विचारला जात नाही.

‘सवय होईल’ हे मला दिले जाणारे उत्तर आहे आणि या दोन शब्दांइतका राग मला कशाचाच येत नाही. सवय ही फुकट मिळणारी वस्तू नव्हे. मी साताऱ्यात टंकलेखनाच्या वर्गाला रोज पहाटे सहा वाजता जात असे. मिनिटाला तीस शब्दांची मराठीची परीक्षा देण्यासाठी एकाच ओळीचे शेकडो ताव मी टंकलिखित केले होते, आणि यंत्राकडे न पाहता हात चालू लागायला मला आठ महिने लागले. त्या यंत्राची कळ रातोरात जागा बदलत नसे. पुढे वयाच्या तिसाव्या वर्षी ती सारी मेहनत बाजूला ठेवून मी इनस्क्रिप्ट शिकले, ते एकाच भरवशावर. ही मांडणी १९८६ मध्ये प्रमाण म्हणून ठरली होती, १९९१ मध्ये भारतीय मानकात समाविष्ट झाली होती आणि कोणाच्या लहरीनुसार ती हलणार नव्हती. तो भरवसा आजवर खरा ठरला आहे. पुढे तिच्यात नवी चिन्हे वाढवली गेली, पण क, त, प, र आपापल्या कळीवरून हलले नाहीत. नवे जोडताना जुने न मोडणे शक्य आहे, याचा पुरावा रोज माझ्या बोटांखाली असतो.

ज्या लॅरी टेस्लर यांनी झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे या आज्ञांना आजचे रूप दिले, ते आयुष्यभर एकाच गोष्टीविरुद्ध भांडले. एकच कळ यंत्राच्या अवस्थेनुसार वेगळे काम करते, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी आपल्या गाडीच्या पाटीवरसुद्धा ‘नोमोड्स’, म्हणजे ‘अवस्था नकोत’, अशी अक्षरे घेतली होती. २०२० मध्ये ते गेले. आज माझ्यासमोरच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे टंकून आज्ञा देण्याच्या विंडोत, कंट्रोल-सी दाबले तर चालू काम थांबते, तिथे नकलेसाठी कंट्रोल-शिफ्ट-सी लागते, आणि तीच जोडी चुकून ब्राउझरमध्ये दाबली गेली तर विकासकांसाठीचा तपासणी फलक उघडून निम्मा पडदा व्यापतो. टर्मिनलमधला कंट्रोल-सीचा अर्थ नकलेहून जुना आहे, त्यामुळे त्याला मी दोष देत नाही. ब्राउझरने ती जोडी का घ्यावी?

‘सेटिंग्जमध्ये जाऊन बदला’ असेही सांगितले जाते. मी बदलते! काही कळी कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये बदलाव्या लागतात, काही वेगळ्या साधनात, काही आयबसच्या आपल्या चौकटीत आणि उरलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात शिरून. हे सारे मी एका वहीत उतरवून ठेवले आहे, तारखांसह, सात पाने भरली आहेत. डेस्कटॉपची नवी आवृत्ती आली की ती वही उघडून मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करते आणि त्यात माझी अख्खी सकाळ जाते. त्या सकाळीचे पैसे मला कोणी देत नाही, कारण मला पानांप्रमाणे मोबदला मिळतो.

एकशे बाराव्या पानावरच्या त्या अडीच ओळी मी काढल्या. त्यानंतर पूर्ण पुस्तक पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचले, कारण आणखी कुठे काय शिरले असेल याची मला खात्री राहिली नव्हती. दोन रात्री गेल्या. एकशे सत्त्याऐंशीव्या पानावर आणखी एक शब्द सापडला, ‘धन्यवाद’, एका मृत्यूच्या वर्णनाच्या शेवटी.