एक पॉइंट तीन आणि जर्मनचा गंज

परवा संध्याकाळी पानठेल्यावर माझं सांत्वन झालं. घरात कोणी गेलेलं नाही, वावर बुडालेलं नाही, रिटायर व्हायलाही अजून चार वर्षं आहेत. तरी काकाजींनी माझा हात दोन्ही हातांत धरला, दोनदा थोपटला आणि म्हणाले, "होते बाप्पा असं. जीवाले नका लावून घेऊ." आणि मी, जिल्हा परिषदेच्या शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवणारा माणूस, "हो ना" म्हणून खाली मान घालून घरी आलो. राग काकाजींचा नाही. त्या "हो ना"चा आहे.

पोरगी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजातून एका सत्रासाठी निवड झाली आणि मार्चअखेर ती जर्मनीत स्टुटगार्टला गेली. गावानं शहराचं नाव अर्धंच ऐकलं, आणि आठ दिवसांत 'मास्तराची पोट्टी जर्मनीत गार्ड लागली' असं झालं. ते मी सोडून दिलं. गार्डला निदान पगार असतो. आता सत्र संपलं, पेपर आटोपले, पोळ्याआधी ती घरी येतेय. गोष्ट एवढीच. पण दारव्ह्याच्या आजूबाजूला कोणतीही गोष्ट एवढीच राहत नाही.

माझ्या फोनचा कानाला लावायचा स्पीकर दोन महिन्यांपूर्वी गेला. तेव्हापासून माझं सगळं बोलणं जाहीर असतं. परवा साडेपाचला, म्हणजे तिकडच्या दुपारी दोनला, तिचा फोन आला तेव्हा मी ठेल्यावर होतो. ठेलेवाला पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घालून खर्रा घोटत होता. बाकड्यावर काकाजी. फोन उचलला आणि आवाज चौकभर गेला.

"बाबा, रिझल्ट लागला! एक पॉइंट तीन!"

ठेलेवाल्याचा घोटणारा हात थांबला. मी त्याला गेली अठरा वर्षं ओळखतो. त्याचा हात आजवर फक्त दोनदा थांबलाय, एकदा गावात वीज पडली तेव्हा आणि एकदा नोटाबंदीला.

पोरगी पुढं घाईघाईनं सांगत होती की आज सगळ्या बाटल्या परत केल्या, साडेअकरा युरो आले, आता फ्रिज साफ करायचाय, ओके बाबा, ठेवते. फोन बंद.

"किती भेटले म्हंते?" काकाजी.

"एक पॉइंट तीन."

"शंभरातून?"

"नाही हो काकाजी, तिकडं..."

"पन्नासातून?"

"तिकडं तसं नसते."

काकाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. विषय गंभीर असला की ते तसं करतात. बराच वेळ विचार करून म्हणाले, "एक त समजलं मास्तर. एक कोणीबी देते. ते पॉइंट तीन काहाचे देल्ले?"

"अक्षराचे असतीन," ठेलेवाला म्हणाला.

इथं मी उठून जायला हवं होतं. पण शिक्षकाची खोड. समोरचा चुकतोय दिसलं की खडू हातात नसला तरी बोटं शिवशिवतात. मी सांगितलं, की जर्मनीत उलटी पद्धत आहे. एक म्हणजे सगळ्यात वरचा. चारपर्यंत पास. पाच म्हणजे नापास. एक, मग एक पॉइंट तीन, मग एक पॉइंट सात, मग दोन, असं उतरत जातं. म्हणजे पोरगी जवळजवळ पहिल्या पायरीवर आहे.

"म्हंजे जेवढे कमी तेवढे चांगले?"

"बरोबर."

"मंग आमच्या नातवाले पाठवा न तिकडं. त्याले गणितात तीन आहेत."

तो नातू माझ्याच वर्गात आहे आणि ते तीन मीच दिलेत, तेही उदार मनानं, म्हणून मी गप्प राहिलो.

"बरं, शून्य भेटलं त?"

"शून्य नसते तिथं."

"नसते कसं?" काकाजींचा आवाज चढला. "शून्य त आपूनच देल्लं न जगाले! अन् त्यायनं ठेवलंच नाही? मंग घेतलं कायले?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. ठेल्यावर आणखी दोन माणसं जमली. एकानं विचारलं, कोण नापास झालं. दुसऱ्यानं त्याला खुणेनं गप्प केलं, म्हणजे माझ्याकडे पाहून डोळे मिटून मान हलवली. मयतीच्या घरी नवीन आलेल्या माणसाला जुना माणूस करतो, तशी.

मग मला युक्ती सुचली. गणित शिकवताना उदाहरण मुलांच्या घरातलं द्यावं असं प्रशिक्षणात सांगतात. मी म्हटलं, "काकाजी, कापूस खरेदी केंद्रावर नेला का ओलावा पाहतेत ना?"

"पाहतेत न. मशीनच खुपसतेत."

"आठ टक्के आला तर?"

"पुरा भाव."

"दहा, अकरा?"

"कापतेत."

"बाराच्या वर?"

"गाडी वापस." हे बोलताना काकाजींनी ज्या दिशेला पाहिलं त्या दिशेला खरेदी केंद्र आहे. तीन वर्षांपूर्वीची जखम आहे. भाड्याचा टेम्पो, दोन रात्री रांगेत, आणि तिसऱ्या दिवशी मशीनवर तेरा.

"मग झालं तर. आकडा जेवढा कमी तेवढा माल चांगला. तिकडचे मार्क म्हणजे ओलावा समजा. पोरीचा आला एक पॉइंट तीन."

काकाजींचा चेहरा उजळला. वर्गात एखाद्या मुलाला वजाबाकीतला हातचा कळतो तेव्हा असा उजळतो. मी मनात स्वतःला शाबासकी दिली. आणि मग तो चेहरा, माझ्या डोळ्यांदेखत, हळूहळू उतरत गेला.

"एक पॉइंट तीन ओलावा," ते स्वतःशीच बोलले. "म्हंजे पोट्टी पुरीच कोरडी झाली म्हणा ना."

आणि त्यांनी माझा हात धरला.

मी "हो ना" का म्हणालो ते सांगतो. फोन एक मिनिट चाळीस सेकंदांचा होता. मोबाईलच दाखवतो, मी मोजायला बसलो नव्हतो. एप्रिलमध्ये हाच फोन पाऊण तास चालायचा. भात कसा करू, कुकरची शिट्टी होत नाही, इथं रात्री नऊलाही उजेड असतो, आई कुठं आहे. आता भात जमतो, शिट्टी होते, उजेडाचं नवल सरलं. चांगलंच आहे. पण ते काकाजींच्या तोंडून, खर्ऱ्याच्या वासात, चार माणसांसमोर ऐकायचं काही कारण नव्हतं.

घरी आलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली. "अजी, तुमाले फोन ठेल्यावरच घ्या लागते का?" बायकोनं दारातच विचारलं. तिला नळावर कळलं होतं, की पोरगी एक मार्क मिळवून नापास झाली आणि आता जर्मनीत बाटल्या येचून तिकिटाचे पैसे जमवून राह्यली. शेजारच्या मावशींनी तर विचारलं म्हणे, आपल्या भंगारवाल्याचा भाव तिकडच्यापेक्षा बरा असन का.

बाटल्यांचं असं आहे. तिकडं पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घेतली की २५ सेंट जास्तीचे द्यावे लागतात. रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की ते परत. पोरीनं खोलीत ४६ बाटल्या साठवल्या होत्या. ४६ गुणिले २५, साडेअकरा युरो, आपले हजाराच्या वर. मला तर ऐकून अभिमान वाटला. आपल्या नाल्यात पावसाळ्यात जेवढ्या बाटल्या अडकतात त्यात आमच्या शाळेची कंपाउंडवॉल होईल. पण हे नळावर कोण समजावणार? ओलाव्याचं उदाहरण देऊन पाहिलं, त्याचा निकाल वर दिलाच आहे.

तिकडून निघणं म्हणजे नुसती बॅग भरणं नव्हे, हे मला या पंधरा दिवसांत कळलं. खोली जशी घेतली तशीच परत द्यायची, नाहीतर डिपॉझिटला कात्री. भिंतीला खिळा ठोकला असेल तर भोक बुजवायचं. नळावरचे पांढरे डाग व्हिनेगर लावून काढायचे. फ्रिजचा बर्फ वितळवायचा. स्टुटगार्टच्या भागात तर आठवड्याच्या पाळीनं जिना झाडायची जुनी रीत आहे, शेवटच्या आठवड्यात नेमकी हिचीच पाळी आली. जिनं इथं अंगणात कधी सडा टाकला नाही तिनं तीन मजल्यांचा जिना झाडला. आईला फोटो पाठवला. आईनं तो बराच वेळ मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "कोपरा राह्यला."

शिवाय नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन, मी हे गाव सोडून चालले, अशी नोंद करायची आणि तसा कागद घ्यायचा. मला हे फार आवडलं. आमच्याकडे माणूस जग सोडून गेला तरी मतदार यादीतून हलत नाही.

आणि पैसा. व्हिसाच्या वेळी महिन्याला ९९२ युरो या हिशेबानं खात्यात पैसे आधी दाखवावे लागले. मी जीपीएफमधून उचलले, उरलेल्याला घरातली तूर विकली, भाव नसताना. तेव्हा हेच गाव म्हणालं होतं, पोरीच्या जातीले एवढा पैसा कोण लावते. आता पाच महिन्यांत तिनं काय शिकली हे एकानं विचारलेलं नाही. एकानंही नाही. मातीतल्या सेंद्रिय कर्बावर तिनं प्रोजेक्ट केलंय. याच गावाच्या मातीत तो किती उरलाय हे पाहावं म्हणून ती येतेय. पण विचारतात काय, तर गोरे लोक हात लावू देतात का, आणि येताना काय आणते.

त्या यादीनं माझी एक वही भरली. अंगावर मारायच्या सेंटच्या बाटल्या सात. चॉकलेट, 'आपल्यासारखं नाही, तिकडचं'. एकाला दाढीची पाती. दोघांना तिकडचं बियाणं. परवाना आणि रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय बी आणता येत नाही म्हटलं, तर एक जण म्हणाला, "खिशात टाकून आणा लागते मास्तर, खिसा कोण पाहते." आणि हे सगळं २३ किलोत. विमानात सामानाच्या बॅगेला तेवढीच मुभा आहे.

एक काळ होता, आमच्या दारव्ह्यावरून शकुंतला धावायची. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर, अडीच फुटी रूळ. इंग्रजांच्या कंपनीनं ती टाकलीच मुळी वऱ्हाडातला कापूस बाहेर न्यायला. तो कापूस मूर्तिजापूरहून मुंबईला आणि तिथून बोटीनं विलायतेला जायचा. आज कापसाची एक गठाण १७० किलोची असते. गठाणीला कोणी विचारलं नाही, हातातल्या पिशवीचं वजन किती. आता रूळ आहेत, गाडी नाही. रुळांत गवत, गवतात शेळ्या. माझ्या लहानपणी ती गाडी इतकी हळू जायची की माणसं खाली उतरून... जाऊ द्या, हे सगळेच सांगतात, आणि मी काही कधी उतरलो नव्हतो.

काल सकाळी काकाजी घरी आले. मला वाटलं माफी मागायला. काखेत एक गंज, म्हणजे पातेलं, होता. जर्मनचा, जुना, बुडाशी काळा, एका बाजूला पोचा. पोच्यात वर्षानुवर्षांचं वरण जाऊन बसलेलं. बुढीच्या लग्नातला आहे म्हणाले. ओट्यावर ठेवला, शेजारी बसले, चहा झाला.

"याचं झाकण हरपलं, मास्तर. दारव्ह्यात पाह्यलं, यवतमाळात पाह्यलं, बसतच नाही कोणतं. जर्मनीत भेटन. पोट्टीले म्हणा, एक झाकण आणजो. पैसे देतो."

मी गणिताचा माणूस. दहावीचा भूगोल कोणी शिकवायला नव्हतं म्हणून दोन वर्षं तोही शिकवलाय. सांगायला लागलो, की काकाजी, आपण याला जर्मन म्हणतो पण हे ॲल्युमिनियम आहे. जर्मन सिल्व्हर म्हणून एक मिश्रधातू असतो, त्यात तांबं, निकेल, जस्त, चांदी नावालासुद्धा नाही. त्याचं नाव ह्याला चिकटलं. काकाजी ऐकत होते. मान हलवत होते. संपल्यावर म्हणाले, "हाव. माप घेऊन घ्या."

मी माप घेतलं. आतून पट्टी आडवी धरून, तीनदा, कारण पोच्यामुळे तो गोल राहिलेला नाही. एकीकडून ३१ सेंटिमीटर, एकीकडून ३२. फोटो काढला, पोरीला पाठवला. कशासाठी पाठवला ते मला विचारू नका. दहा मिनिटांत उत्तर आलं, आणि स्पीकर गेलेला असल्यामुळे तेही काकाजींसमोरच वाजलं. आधी नुसतं हसणं. तिचं ते नाकातून येणारं हसणं, दहा-पंधरा सेकंद. मग, "बाबा, जर्मनीत जर्मनचं नाही मिळत!"

काकाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"भेटत नाही?"

"नाही म्हणते."

"जर्मनीत?"

"हो."

ते बराच वेळ गंजाकडे पाहत राहिले. "मंग पोट्टीनं पाच महिने तिथं केलं त काय?"

आणि उठून गेले. गंज ओट्यावरच आहे. आल्यावर तिलाच दाखवा म्हणाले, फोटोत पोचा नीट दिसत नसन.