'रिकामटेकड्यांचे उद्योग' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार.

पिकअपच्या प्रॉपेलर शाफ्टचे (इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे चार टोकांना चार कप असलेले अधिकच्या आकाराचे सांधे, कसे सांभाळावेत आणि कधी बदलावेत, या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. इतरांना संदर्भ लागावा म्हणून ती आधी इथे देतो. तुम्ही म्हणता : 'पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ग्रीस मारणं हे रिकामटेकड्यांचे उद्योग आहेत. आता सील्ड क्रॉस मिळतात, बसवा आणि विसरा. क्रॉस काढायला व्हाइस कशाला, हातोडीने अर्ध्या तासात निघतो. लेख उगाच लांबवलाय आणि कुठल्या कंपनीचा क्रॉस घ्यायचा तेच सांगितलेलं नाही.'

लेख लांब आहे, मान्य. कंपनीचं नाव मात्र मुद्दाम देत नाही आणि देणारही नाही.

आता 'रिकामटेकडे' या शब्दाबद्दल. मतभेद असू शकतात, पण हा शब्द तुम्ही नेमका कोणाला वापरलात याचा विचार केला होता का? माझे वडील मालवणहून मासळी भरून फोंडा घाटाने कोल्हापूरला न्यायचे. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली की गाडी मागे घेत घेत पार ओल्या वाळूपर्यंत न्यावी लागते. चाकं खाऱ्या पाण्यात. वर बर्फ वितळत असतो, मासळीचं पाणी हौद्याच्या फटींतून खाली ठिबकत असतं, आणि त्याच्या बरोबर खाली शाफ्ट असतो. एवढी मेहनत करून, अंगाला मासळीचा वास घेऊन घरी आलेला माणूस झोपायच्या आधी पोतं अंथरून गाडीखाली जायचा. चारही कपांच्या सीलमधून जुनं काळं ग्रीस निघून ताजं दिसेपर्यंत ग्रीसची गन खाली ठेवायचा नाही. एखाद्या कपातून येत नसेल तर शाफ्ट हाताने हलवून परत दाबायचा. मला सांगायचा, 'ग्रीस मारल्याशिवाय गाडी भायर काडू नको.' हा माणूस रिकामटेकडा नव्हता. आजही हर्णै, मिरकरवाडा, देवगड इथे जे ड्रायव्हर हे करतात, त्यांनाही तो शब्द लागू होत नाही. तुम्ही मला काय वाटेल ते म्हणा, त्यांना नको.

राहिला तुमच्या सील्ड, म्हणजे कायमचा बंद आणि ग्रीस न भरता येणाऱ्या क्रॉसचा मुद्दा. चांगल्या प्रतीचा सील्ड क्रॉस वाईट नसतो, हे मी लेखातही नाकारलेलं नाही. ग्रीस जाण्यासाठी आतून भोकं पाडलेली नसल्यामुळे तो भरीव असतो, ताकदीलाही जास्त असतो. कोरड्या मुलखात, डांबरी रस्त्यावर, बेताच्या वजनात तो बरीच वर्षं जाईल. पण माझा लेख कोरड्या मुलखासाठी नव्हता. मथळ्यातच 'किनारपट्टीवर' असं लिहिलं होतं, ते तुम्ही वाचलं नाहीत.

ग्रीसचं काम फक्त वंगणाचं नाही, आणि हेच तुमच्या लक्षात आलेलं नाही. नवं ग्रीस दाबलं की ते जुनं ग्रीस आणि आत शिरलेलं पाणी सीलबाहेर ढकलतं. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात खारी हवा, त्यात वॉशिंग सेंटरवाला खालून जोराचा फवारा मारणार. रबरी सील आज ना उद्या पाणी आत घेतंच. निप्पलवाल्या (ग्रीस भरायचं तोंड असलेल्या) क्रॉसमधून ते पाणी बाहेर काढता येतं. सील्डमध्ये एकदा शिरलं की ते तिथेच राहून काम करतं. 'विसरा' म्हणजे प्रत्यक्षात 'काही करता येत नाही' एवढंच.

विश्वास नसेल तर खराब झालेला एखादा क्रॉस हातात घ्या. कप उघडलात की ग्रीसच्या जागी तांबडी भुकटी पडते. सुयांसारखी बारीक बेअरिंगं गंजून झिजलेली, एक-दोन तुटलेली. क्रॉसची पिन पुसून तिच्यावरून नख फिरवा, बेअरिंगच्या अंतरावर पडलेल्या खाचांत ते अडकेल. तिथल्या सुया पूर्ण फिरत नाहीत, थोड्याशा कोनात मागेपुढे होतात, म्हणून वंगण संपलं की त्याच त्या जागी लोखंड खातात. बाहेरून मात्र क्रॉस धडधाकट दिसतो. रिव्हर्समधून पहिल्या गिअरला येताना खट् आवाज, हळू चालताना वेगाबरोबर वाढणारी चिवचिव, एवढीच आगाऊ सूचना मिळते.

माझ्या नात्यातल्या एकाला एका गॅरेजमध्ये तुमचाच सल्ला मिळाला होता, अगदी तुमच्याच शब्दांत. मे महिन्यात, आंब्याच्या पेट्या भरलेल्या असताना, घाटात पुढचा क्रॉस तुटला. शाफ्टचं पुढचं टोक रस्त्यावर आपटलं. शाफ्ट सुटला की इंजिनाचा आणि मागच्या चाकांचा संबंध संपतो, म्हणजे उतारावर गिअरचा ब्रेक मिळतच नाही. फक्त पायाच्या ब्रेकवर त्याने गाडी कडेला घेतली. तुमच्या चार ओळी वाचताना मला तो प्रसंग आठवला, म्हणून माझा आवाज चढला असेल तर चढू दे.

हातोडीबद्दल वाद घालण्यात मला रस नाही. हातोडीने क्रॉस निघतो हे सगळ्यांना माहीत आहे. योकचे, म्हणजे क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्याचे, कान वाकडे होतात हेही माहीत असायला हवं. मग नवा क्रॉस घट्ट बसतो, जड फिरतो आणि लवकर जातो. व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंजात) एका बाजूला छोटी गोटी (पान्याचं सॉकेट), दुसऱ्या बाजूला कप मावेल अशी मोठी गोटी धरून दाबलं की कप सरळ बाहेर येतो. नवा कप बसवताना एक सुई जरी आडवी पडून तळाशी गेली तरी सर्कलिप (कप जागेवर धरणारी कडी) खाचेत जात नाही. अशा वेळी लोक हातोडीनेच ठोकून ती बसवतात. तुम्ही तसं करत असाल तर थांबवा.

शाफ्ट उतरवण्याआधी फ्लँजवर (शाफ्ट बोल्टने जिथे जोडतात त्या चकतीवर) आणि शाफ्टवर खुणा करायला मी सांगितलं होतं, त्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढलेला नाही. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत राहिले नाहीत तर दोन क्रॉसची चाल एकमेकांना सांभाळून घेत नाही आणि नवीन माल टाकूनही गाडी थरथरते. लोक मग शाफ्टला मध्ये आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगला दोष देतात. आणि शाफ्ट काढताना गाडी गिअरमध्ये आहे म्हणून निश्चिंत राहू नका. चाकांना दोन्हीकडून दगड लावा.

पुढची प्रतिक्रिया लिहायच्या आधी एकदा स्वतःच्या गाडीखाली जाऊन शाफ्ट हाताने पिळून बघा. ढिलाई जाणवली तर क्रॉस बदला, आणि मग मला काय ते सुनवा. तशा प्रतिक्रियेला मी नक्की उत्तर देईन, पण पुन्हा 'रिकामटेकडे' म्हणालात तर देणार नाही.